"टीव्हीवर म्हणालात ते खरं का?" निवृत्तीच्या पैशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या वाहिनीवर किंवा पेपरातल्या दोन ओळींच्या प्रतिक्रियेत मी काहीतरी बोलते आणि दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. दादर असो की बदलापूर, प्रश्न बहुतेक तेच. म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवतेय. मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी असलेली गुंतवणूक सल्लागार आहे. फी घेऊन सल्ला देते, कमिशनवर काही विकत नाही. खालचं काहीही तुमच्यासाठीचा व्यक्तिगत सल्ला नाही. तो का नाही, ते पहिल्याच उत्तरात आहे.

तुम्ही टीव्हीवर सांगता तसंच केलं तर चालेल ना?

ते मला सांगता येणार नाही, कारण मी तुम्हाला ओळखत नाही. स्टुडिओत काय होतं ते बघा. अँकर विचारतो, "मॅडम, थोडक्यात, पंचेचाळिशीतल्या माणसाने काय करावं?" हातात असतात चाळीसेक सेकंद. कानात प्रोड्यूसर "रॅप करा, रॅप करा" म्हणत असतो. आणि मागच्या पडद्यावरची "निवृत्तीसाठी हवेत ५ कोटी!" ही पाटी मी तोंड उघडण्याआधीच तयार असते.

तेवढ्या वेळात मी जे सांगते ते खोटं नसतं, पण त्यातला 'जर' गळून पडलेला असतो. स्वतःचं घर असेल तर. आईवडील तुमच्यावर अवलंबून नसतील तर. पेन्शन नसेल तर. पंचेचाळिशीतलेच दोघे घ्या. एक २००३ साली मंत्रालयात लागला, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी, म्हणून त्याला जुनी पेन्शन आहे, महागाई भत्त्यासकट. दुसरा अंधेरीच्या एका खासगी कंपनीत, पगार तितकाच. पहिल्याला निवृत्तीनंतर दर महिन्याला रक्कम येणार, दुसऱ्याला स्वतः साठवलेलंच खायचंय. या दोघांना एकच उत्तर कसं देणार? तरी टीव्हीवर ते द्यावं लागतं. राज्यातले सरकारी कर्मचारी मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते ते याच फरकासाठी.

त्यामुळे पडद्यावर कुठलाही आकडा दिसला की एकच गोष्ट विचारायची: हा आकडा काय धरून काढलाय? परतावा किती, महागाई किती, खर्च किती, वर्षं किती. या चारांपैकी एक जरी सांगितलं नसेल तर तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही, मग तो माझ्या तोंडून आलेला का असेना.

चॅनेलवर बोलण्याचे पैसे मिळतात का?

नाही. नाव होतं, त्यातून क्लायंट येतात. हा स्वार्थ आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पडद्यावरच्या प्रत्येक तज्ज्ञाचा काही ना काही असतोच. फंड हाउसचा माणूस बाजार चढेल म्हणतो, सराफ सोनं चढेल म्हणतो, विमा कंपनीचा अधिकारी 'हमी' हा शब्द तीनदा उच्चारतो. ते खोटं बोलतात असं नाही, पण नावाखालच्या पट्टीत हुद्दा लिहिलेला असतो. तो आधी वाचायचा, मग ऐकायचं.

निवृत्तीला एक कोटी पुरतात का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न. उत्तर खर्चावर आहे, कोटीवर नाही.

समजा साठाव्या वर्षी हातात १ कोटी आहेत, त्यावर ७ टक्के परतावा मिळतोय आणि खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतोय. पहिल्या वर्षी महिन्याला ५०,००० लागत असतील तर हे पैसे सुमारे १८ वर्षांत संपतात, म्हणजे अठ्ठ्याहत्तरीला. महिना ४०,००० असेल तर सुमारे २३ वर्षं. ३०,००० मध्ये भागत असेल तर ३२ वर्षं, म्हणजे ब्याण्णवीपर्यंत. कोटी तोच. महिन्याच्या वीस हजारांच्या फरकाने चौदा वर्षं इकडची तिकडे झाली.

अनेकांचा हिशेब इथेच फसतो. "मॅडम, सात टक्के म्हणजे वर्षाला सात लाख, महिन्याला अठ्ठावन्न हजार आले की!" पहिल्या वर्षी येतात, बरोबर. पण ६ टक्के महागाईने खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो आणि व्याज तेच राहतं. आज ५०,००० मध्ये चालणारं घर बहात्तरीला लाखभर मागतं, व्याज मात्र अठ्ठावन्न हजारच असतं. मग मुद्दल फोडावी लागते, ती फोडली की व्याज कमी होतं, व्याज कमी झालं की आणखी मुद्दल. शेवटची पाच-सहा वर्षं पैसा फार वेगाने संपतो.

म्हणून माझ्याकडे येताना म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट नंतर आणा, आधी गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणा. त्यात वर्षातून एकदाच येणारे खर्च शोधा: पालिकेचा प्रॉपर्टी टॅक्स, मेडिक्लेमचा हप्ता, गणपतीला गावी जाणं, भाचीचं लग्न, दाताची रूट कॅनल. महिन्याचा खर्च सांगताना लोक हे हमखास विसरतात.

चार टक्क्यांचा नियम आपल्याकडे चालतो का?

विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने हा हिशेब १९९४ साली मांडला. त्याने तिथले शेअर आणि सरकारी रोख्यांचे जुने आकडे घेऊन पाहिलं की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा रकमेच्या किती टक्के काढले आणि पुढे ती रक्कम दरवर्षी महागाईइतकी वाढवत नेली, तर पैसे ३० वर्षं टिकतील. उत्तर आलं साधारण ४ टक्के.

ज्यांचं सगळं एफडीत आहे अशा माणसांना आपल्याकडे हा नियम बिनधास्त सांगितला जातो. बेंगेनच्या हिशेबात किमान निम्मे पैसे शेअरमध्ये होते, ही अट वाटेत कुठेतरी सांडली. शिवाय देश वेगळा, महागाई वेगळी. मी स्वतः ३ ते साडेतीन टक्के धरते. १ कोटीवर साडेतीन टक्के म्हणजे महिन्याला २९,००० च्या आसपास. कमी वाटतंय ना? लोकांना ते ऐकायला आवडत नाही आणि चॅनेलला दाखवायला आवडत नाही.

महिना १०,००० च्या एसआयपीचे २५ वर्षांत जवळपास दोन कोटी होतात, असं पेपरात तुमच्या नावाने छापून आलंय. खरं?

एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम भरत जाणं. गणित खरं आहे. १२ टक्के परतावा धरला तर सुमारे १ कोटी ९० लाख होतात. १० टक्के धरला तर १ कोटी ३४ लाख. दोन टक्क्यांत छप्पन्न लाख गेले.

मी त्याच बोलण्यात आणखी एक वाक्य जोडलं होतं, ते जागेअभावी छापून आलं नाही. ६ टक्के महागाईने २५ वर्षांनंतरचे ते १ कोटी ९० लाख म्हणजे आजचे सुमारे ४४ लाख. म्हणून एसआयपी सुरू करून विसरून जाऊ नका, पगार वाढला की तीही वाढवा.

आणि खर्चाकडे लक्ष ठेवा. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंड योजनेचा डायरेक्ट प्लॅन असतो, त्यात एजंटचं कमिशन नसतं. एजंटमार्फतच्या रेग्युलर प्लॅनमध्ये ते तुमच्या पैशांतून जातं, फक्त बिल हातात येत नाही. तो फरक वर्षाला १ टक्का धरला तर याच एसआयपीत २५ वर्षांनी सुमारे ३१ लाखांचा फरक पडतो. एजंट तुम्हाला बाजार पडताना शांत ठेवत असेल, कागदपत्रं सांभाळत असेल, तर ते कमिशन त्याने कमावलेलं आहे. वर्षातून एकदा कॅलेंडर आणून देण्यापुरता येत असेल तर विचार करा.

मी ४८ वर्षांचा आहे. पीएफ सोडून काहीच नाही. उशीर झाला का?

झाला, पण हात टेकण्याइतका नाही. साठीपर्यंत बारा वर्षं आहेत. महिन्याला ४०,००० बाजूला टाकता आले आणि १० टक्के मिळाले तर सुमारे १ कोटी ११ लाख होतात, पीएफ वेगळा. चाळीस हजार आणायचे कुठून, हा खरा प्रश्न. या वयात दोन मोठ्या गोष्टी त्याच पैशांवर डोळा ठेवून असतात: घराचा हप्ता आणि मुलांचं उच्च शिक्षण.

शिक्षणाबद्दल माझं मत अनेक पालकांना कठोर वाटतं. मुलाला शैक्षणिक कर्ज मिळतं, तुम्हाला निवृत्तीसाठी कर्ज कोणी देत नाही. परदेशी एमएससाठी पीएफ रिकामा करणारे वडील मी बघते तेव्हा मुलाचं काय होईल याची मला काळजी नसते. सत्तरीत हेच वडील त्याच मुलाकडे दरमहा पैसे मागताना कसे अवघडतील, ते डोळ्यांपुढे येतं.

आणि प्रकृती साथ देत असेल तर साठीऐवजी त्रेसष्टपर्यंत काहीतरी कमवत राहा, अर्ध्या पगाराचं काम असलं तरी. तीन वर्षं मुद्दलाला हात लागत नाही, याचा उपयोग कुठल्याही फंडाच्या निवडीपेक्षा जास्त.

पीएफ कापला जातो म्हणजे पेन्शनही मिळेलच ना?

मिळेल, पण किती ते ऐकून बरेच जण खुर्चीत मागे टेकतात. तुमच्या पगारातून १२ टक्के जातात, कंपनीही १२ टक्के टाकते. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत वळतात, पण पगाराची मर्यादा १५,००० धरून, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. बाकीचं पीएफमध्ये.

पेन्शनचं सूत्र: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पंधरा हजार आणि ३५ वर्षं धरली तर महिन्याला ७,५००. किमान पेन्शन १,००० आहे, २०१४ पासून तेवढीच. आणि ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. दहा वर्षं नोकरी आणि ५८ वर्षं वय, या अटी आहेतच.

पीएफचं मुद्दल मात्र सोन्यासारखं आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के व्याज मिळालं. नोकरी बदलताना तो काढू नका, ट्रान्सफर करा. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, एकच राहू द्या आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख आधारशी जुळतेय ना ते आजच बघा. निवृत्तीच्या महिन्यात नावातल्या एका अक्षरासाठी वांद्र्याच्या पीएफ ऑफिसला हेलपाटे घालणारे लोक मी पाहिलेत.

पीपीएफ की एनपीएस?

दोन्ही चालतील, कामं वेगळी आहेत. पीपीएफ ही सरकारची लांब मुदतीची बचत योजना. त्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, मुदत १५ वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, व्याज करमुक्त. एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्क्यांवर आहे. पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेवरचं त्या महिन्याचं व्याज जातं.

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, २००९ पासून सगळ्यांना खुली आहे. खर्च अगदी कमी, शेअरचा हिस्सा ठेवता येतो. मात्र शेवटी एक ठरावीक हिस्सा ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित पेन्शन देणाऱ्या योजनेत, घालावाच लागतो. त्याचं प्रमाण सरकार बदलत आलंय, म्हणून निवृत्तीच्या वर्षीचा नियम त्या वर्षीच बघा. मला एनपीएसची सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे मधेच सहजासहजी मोडता येत नाही.

नव्या करप्रणालीत असाल तर पीपीएफवरची जुनी वजावट मिळत नाही. कंपनीने तुमच्या नावे एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेची मात्र मिळते. एचआरला विचारा.

रिटायर झाल्यावर शेअर बाजारातून सगळे पैसे काढून घ्यावेत का?

सगळे नाही. मात्र निवृत्तीच्या आधीची आणि नंतरची चार-पाच वर्षं सर्वांत नाजूक असतात. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१ हजार ओलांडले आणि मार्च २००९ मध्ये तो आठ हजारांच्या घरात होता. त्या जानेवारीत निवृत्त होऊन सगळे पैसे इक्विटी, म्हणजे शेअरच्या, फंडात ठेवलेला माणूस दर महिन्याला घरखर्चासाठी युनिट विकत राहिला असेल, तर बाजार २०१० च्या दिवाळीत पुन्हा २१ हजारांवर आला तेव्हा त्या चढाचा फायदा घ्यायला त्याच्याकडे युनिटच कमी उरले होते. जो नोकरीत होता आणि एसआयपी भरत राहिला, त्याला तीच पडझड मानवली. मार्च २०२० मध्येही असंच झालं: जानेवारीत ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स दोन महिन्यांत २६ हजारांच्या खाली. यावेळी तो लवकर सावरला, पण दरवेळी लवकर सावरेल असं कोणी लिहून दिलेलं नाही.

मी साधारण असं मांडते: तीन वर्षांचा खर्च एफडी आणि चटकन पैसे काढता येणाऱ्या लिक्विड फंडात, त्यापुढचा ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि तत्सम सुरक्षित ठिकाणी, आणि पंचवीस ते पस्तीस टक्के इक्विटीत, ज्यांना सात-आठ वर्षं हात लावायचा नाही. बाजार पडला की पहिल्या हिश्श्यातून खायचं. बाजार वर असताना तो हिस्सा पुन्हा भरायचा.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत किती ठेवता येतात?

३० लाख, माणशी. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० हातात येतात. एकदा पैसे ठेवले की त्या पाच वर्षांसाठी दर बदलत नाही. नवरा-बायको दोघेही साठीपुढचे असतील तर दोघांच्या नावे वेगवेगळी खाती काढता येतात. व्याजावर कर आहे. नव्या पैशांसाठीचा दर दर तिमाहीला जाहीर होतो, तो बघून जा.

आमच्या सगळ्या एफडी सहकारी बँकेत आहेत. मॅनेजर ओळखीचे आहेत. काळजी करावी का?

प्लॅस्टिकच्या पिशवीत एफडीच्या पावत्यांची गड्डी, रबर बँड लावलेली, आणि बहुतेक पावत्या एकाच बँकेच्या. हे दृश्य माझ्या ओळखीचं आहे. कारणही समजतं: अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याज, घराजवळ शाखा, काउंटरवर मराठीत बोलणारी माणसं.

पण ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे. सगळ्या शाखांचं मिळून. फेब्रुवारी २०२० आधी तो फक्त १ लाख होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, पुढे ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सगळ्या सहकारी बँका वाईट आहेत असं माझं म्हणणं अजिबात नाही, काही उत्तम चालतात. पण निवृत्तीच्या पैशात ओळख हा निकष नको. एका बँकेत व्याजासकट पाच लाखांच्या आत राहा.

पतपेढीचं वेगळं सांगते. पतसंस्थांना हा ठेव विमा लागूच नाही, पाच लाख सोडा, पाच रुपयांचाही नाही. शेअर-सभासद म्हणून थोडी रक्कम ठेवायची तर ठेवा, ग्रॅच्युइटी तिथे नको.

घर दोन कोटींचं आहे. मग वेगळी सोय कशाला?

मुंबईतला हा खास प्रश्न. घराची किंमत आणि हातात येणारा पैसा यांचा संबंध घर विकल्याशिवाय लागत नाही. दादर-माहीमच्या जुन्या इमारतीत राहणारं, कागदावर कोट्यधीश आणि महिन्याच्या २० तारखेला भाजीचे पैसे मोजणारं जोडपं इथे दुर्मीळ नाही.

त्यात रिडेव्हलपमेंट. बिल्डर जास्तीचा कार्पेट एरिया देतो, भाडं देतो, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे देतो, सोसायटीत पेढे वाटले जातात. पुढचा हिशेब फार कोणी करत नाही. उदाहरण म्हणून घ्या: जुन्या चार मजली इमारतीत मेंटेनन्स महिन्याला २,००० होता. नव्या टॉवरचं बिल येतं ९,०००, त्यात लिफ्ट, सिक्युरिटी, सिंकिंग फंड, पार्किंग, आणि ज्या क्लब हाउसची पायरी आजी-आजोबा चढणार नाहीत त्याचेही पैसे. वर्षाचे १ लाख ८ हजार. कॉर्पस समजा १५ लाख मिळाला. सात टक्क्यांनी त्याचं व्याज १ लाख ५ हजार. म्हणजे कॉर्पस पूर्ण सांभाळून ठेवला तरी जवळपास मेंटेनन्सच तेवढा निघतो, तोही पहिल्याच वर्षी. आणि बहुतेकांचा कॉर्पस नव्या घराच्या फर्निचरमध्ये गेलेला असतो. बैठकीत फुटांवर तासन्‌तास भांडा, पण नव्या इमारतीचा अंदाजे मेंटेनन्स किती, हे एकदा तरी लेखी मागा.

मोठं घर विकून ठाण्यापलीकडे किंवा गावाकडे छोटं घ्यायचं आणि उरलेल्या पैशांवर जगायचं, हा मार्ग मला पैशांच्या दृष्टीने पटतो. पण पन्नाशी-साठीत घेतलेला निर्णय आणि सत्तरीत नाइलाजाने घेतलेला निर्णय यांत फरक असतो. आधी वर्षभर तिथे भाड्याने राहून बघा. चांगलं हॉस्पिटल किती लांब आहे, पावसाळ्यात वीज किती वेळ जाते, संध्याकाळी बोलायला कोण आहे, ते कळेल. घर विकल्यावर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला महागाईची वजावट घेऊन २० टक्क्यांचा पर्यायही आहे. दोन्ही करून बघा, सीएला दोन हजार द्यायला मागेपुढे पाहू नका. ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं तर सवलत मिळते.

पागडीच्या खोलीत राहत असाल तर हा सगळा परिच्छेद तुम्हाला लागू नाही. तुम्ही भाडेकरू आहात, मालक नाही, आणि विकताना मालकाची संमती आणि त्याचा हिस्सा आलाच.

रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे राहतं घर गहाण ठेवून बँकेकडून ठरावीक रक्कम घेत राहणं, आपल्याकडे २००७ पासून आहे. मराठी घरात हा विषय काढला की मुलांचे चेहरे पडतात. माझ्या मते मुलांचे चेहरे हा तुमच्या औषधांच्या खर्चाचा निकष असू नये.

"दहा लाख भरा, वीस लाख घ्या, शंभर टक्के हमी." हा प्लॅन कसा आहे?

दरवर्षी १ लाख, दहा वर्षं भरायचे, आणि सुरुवातीपासून विसाव्या वर्षाच्या शेवटी २० लाख मिळणार. ऐकायला दुप्पट. हिशेब केला तर वर्षाला सुमारे साडेचार टक्के. हमी खरी आहे, पण हमी साडेचार टक्क्यांचीच आहे. अशा प्रत्येक प्लॅनला हाच प्रश्न: पैसे कधी कधी जाणार आणि कधी कधी येणार? तारखा लिहून काढा, मोबाइलमधल्या एक्सेलला एक्सआयआरआर, म्हणजे वर्षाला खरा परतावा किती पडतो ते, विचारा. एजंट तुमच्या बहिणीचा नवरा असेल तर हे त्याच्यासमोर करू नका, घरी जाऊन करा.

मेडिक्लेम साठीनंतर मिळतो का?

मिळतो. ६५ ची वयोमर्यादा विमा नियामकाने २०२४ मध्ये काढली. पण हप्ता जबर असतो आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर विसंबून साठीपर्यंत थांबू नका, ती नोकरीबरोबर संपते. पन्नाशीत स्वतःची घ्या. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. आपल्या भागातलं कोणतं हॉस्पिटल त्यात आहे ते आधी बघून ठेवा.

नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी वारसाची असते. सोसायटीच्या फ्लॅटलाही तेच. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, नोंदणी सक्तीची नाही. केलेली बरी.

त्याहून तातडीचं काम वेगळंच आहे. घरातले सगळे व्यवहार नवराच बघतो, बायकोला नेट बँकिंगचा पासवर्डसुद्धा ठाऊक नसतो, आणि बहुतेक घरात मागे तीच राहते. या रविवारी दोघं मिळून एक वही करा: कुठली खाती, कुठल्या पॉलिसी, लॉकर कुठे, कोणाला फोन करायचा.

तुमचे स्वतःचे पैसे कुठे आहेत?

पीपीएफ, इंडेक्स फंड आणि थोडं सोनं. त्यावरून तुम्हाला काही कळणार नाही. मला गृहकर्ज नाही, तुम्हाला असेल.

सल्लागार खरा आहे की नाही, कसं ओळखायचं?

नोंदणी क्रमांक विचारा. गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए (INA) ने सुरू होतो, रिसर्च अॅनालिस्टचा आयएनएच (INH) ने. म्युच्युअल फंड वितरकाकडे एआरएन हा वेगळा नोंदणी क्रमांक असतो, तो वितरक आहे, त्याची कमाई कमिशनची. क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर टाकून नाव जुळतंय का बघा. कोणीही निश्चित परताव्याचं आश्वासन दिलं, तर उठून निघा. आठवड्याला व्याज देणाऱ्या दागिन्यांच्या दुकानापुढे जानेवारी २०२५ मध्ये दादरला जी गर्दी जमली होती, त्यात निवृत्तीचे पैसे घातलेलेही होते.

तुमचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आलाय, त्यात शेअरच्या ग्रुपची लिंक आहे. सामील होऊ का?

नको. तो व्हिडिओ माझा नाही, आवाज माझ्यासारखा असला तरी. टीव्हीवर दिसणाऱ्यांचे चेहरे उचलून असे व्हिडिओ आता सर्रास बनतात. माझा कुठलाही टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲप ग्रुप नाही, मी कोणाला शेअरच्या टिप देत नाही, आणि क्लायंटचे पैसे कधीही माझ्या खात्यात घेत नाही. पैसे थेट फंडाच्या किंवा तुमच्याच डिमॅटशी जोडलेल्या अधिकृत खात्यात जातात.

लिंक दाबून पैसे पाठवले असतील तर लाजत बसू नका, वेळ घालवू नका. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. मला नंतर कळवलं तरी चालेल.